स्वरतंतूंवरील वण, मूलपेशी आणि आपण

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांना गेल्या काही वर्षांत रुग्णांकडून एक नवा प्रश्न ऐकावयास मिळतो. घोगरा झालेला आवाज ‘स्टेम सेल’च्या इंजेक्शनने पूर्ववत होतो, हे खरे काय? प्रश्न विचारणाऱ्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक आहेत, हरिनाम सप्ताहांत कीर्तनसेवा करणारे आहेत, एस.टी.चे वाहक आहेत आणि कल्याणच्या बाजारात दिवसभर ओरडून भाजी विकणाऱ्या भगिनीही आहेत. कोणी मोबाईलवरची चित्रफीत दाखवितो, कोणी शहरातील एखाद्या केंद्राचे गुळगुळीत पत्रक आणतो, तर कोणी नातेवाइकाने गळ्यात मारलेला पुड्यांचा डबाच आमच्या टेबलावर ठेवतो.

या प्रश्नाला वैद्याने काय उत्तर द्यावे, याविषयी आमची मते प्रस्तुत लेखात मांडीत आहोत. विषय आधुनिक शास्त्राचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. खेड्यातील रुग्ण हा प्रश्न प्रथम आपल्यालाच विचारतो आणि पुष्कळदा आपल्या एका होकारावर, किंबहुना आपल्या मौनावरही, तो लाखो रुपयांची तजवीज करावयास निघतो.

वण म्हणजे नेमके काय?

‘स्वरतंतू’ हा शब्द रूढ असला तरी तो थोडा फसवा आहे. कंठात ताणलेल्या तारा नसतात. स्वरयंत्रात समोरासमोर असलेल्या त्या दोन मऊ घड्या होत. जपानमधील कुरुमे येथील डॉ. मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात या घड्यांची स्तररचना स्पष्ट केली. सर्वांत वर पातळ आवरण, त्याखाली खरवसासारखा लुसलुशीत थर, त्याखाली लवचीक आणि मग चिवट तंतूंचे थर, आणि तळाशी स्नायू, अशी ती रचना आहे. आपण बोलतो तेव्हा वरचे आवरण व तो लुसलुशीत थर खालच्या स्नायूवरून लाटेप्रमाणे सरकतात. पुरुषांच्या बोलण्यात हे कंपन सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा आणि स्त्रियांच्या बोलण्यात २०० च्या आसपास होते. हा मऊपणा टिकविण्यात हायल्युरोनिक आम्लाचा मोठा वाटा असतो.

या थराला इजा झाली आणि ती भरून येताना तेथे कोलॅजेनचे जाड, अस्ताव्यस्त तंतू साठले, की वण तयार होतो. वरचे आवरण खालच्या थरांना चिकटते आणि लाट तेथे अडते. दोन्ही घड्या नीट मिटत नाहीत व मधून हवा निसटत राहते. आवाज घोगरा होतो, चार वाक्ये बोलताच दम लागतो आणि वरचे सूर लागत नाहीत. स्वरयंत्रावर वारंवार कराव्या लागलेल्या शस्त्रक्रिया, गळ्यावरील आघात, दाहक वायू वा रसायने, तसेच कृत्रिम श्वासासाठी घशातून घातलेली नळी ही त्याची प्रमुख कारणे होत. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत अतिदक्षता विभागांतून वाचून आलेल्या ज्या रुग्णांचा आवाज पुढेही सुधारला नाही, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत हेच घडलेले होते.

तथापि आवाज बसलेला प्रत्येक रुग्ण वणाचा नसतो. स्वराच्या अतिवापराने येणाऱ्या गाठी, सूज, जठरातील आम्ल वर येणे, थायरॉइडची मंदता, मज्जातंतूच्या विकाराने एक घडी लुळी पडणे, क्षयरोग आणि कर्करोग, या सर्वांचे पहिले लक्षण घोगरा आवाज हेच असू शकते. स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय यांत भेद करता येत नाही, आणि वणाने लाट कोठे व किती अडली आहे हे पाहण्यास स्ट्रोबोस्कोपी लागते. जी जाहिरात ‘आवाज बसला आहे? मूलपेशी घ्या’ असे सरसकट सांगते, तिचा पहिला दोष निदानाचा आहे, चिकित्सेचा नंतर.

आपली शास्त्रे काय सांगतात?

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात व्रण या शब्दाची निरुक्ती देताना एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. व्रण रुजला तरी त्याची व्रणवस्तू, म्हणजे वण, देह धारण केलेला असेपर्यंत नाहीशी होत नाही, असा तिचा आशय आहे. शल्यतंत्राच्या या आद्य आचार्यांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यांत वर्ण पूर्ववत करण्याचे व केस उगविण्याचे उपायही आले. तरीही वणाच्या चिवटपणाविषयी त्यांनी कोणताही भ्रम ठेवला नाही.

उत्तरतंत्रात स्वरभेदाच्या प्रतिषेधाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. वातज, पित्तज, कफज, सन्निपातज, क्षयज आणि मेदोज असे स्वरभेदाचे सहा प्रकार तेथे येतात. अत्युच्च भाषण, अतिअध्ययन, विष ही कारणे येतात. माधवनिदानाने त्यांत अभिघातही गणला आहे. त्याच अध्यायाच्या विवेचनात साध्यासाध्यता येते. क्षीण, वृद्ध व कृश रुग्णाचा, फार दिवसांचा, जन्मजात, मेदस्वी व्यक्तीचा आणि सर्व दोषांनी झालेला स्वरभेद सिद्धीस जात नाही, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. नळीच्या आघाताने झालेला आणि वर्ष-दोन वर्षे टिकलेला स्वरभेद यात कोठे बसतो, हे सुज्ञ वैद्यांना सांगावयास नको.

चरकाचार्यांच्या कंठ्य गणातील ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्षा, विदारी, रिंगणी ही द्रव्ये, आपल्या घराघरांत ठाऊक असलेले कोष्टकोळिंजन, खदिरादि वटी, व्याघ्री घृत, तसेच कवल, गंडूष व नस्य हे उपक्रम आम्ही नित्य वापरतो. दोषज स्वरभेदात, कंठाच्या रूक्षतेत, कफाच्या लेपात त्यांचा गुण येतो. परंतु ही औषधे स्वरतंतूवरील वण विरघळवितात, असे म्हणण्यास आधार नाही. अलीकडे रसायनचिकित्सेला ‘आयुर्वेदातील स्टेम सेल थेरपी’ म्हणण्याची टूम निघाली आहे. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. रसायनाला स्वतःची संकल्पना आहे, स्वतःचे विधी आहेत. त्यावर दुसऱ्या शास्त्राची पाटी लावल्याने रसायनाची प्रतिष्ठा वाढत नाही आणि त्या शास्त्राचे ज्ञानही आपल्याला होत नाही.

संशोधन कोठवर आले आहे?

मूलपेशींची चिकित्सा ही मुळातच थोतांड आहे, असे समजणेही चुकीचे ठरेल. अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचे रोपण ही आज जगन्मान्य चिकित्सा आहे. आपल्या देशात ती प्रथम आपल्याच राज्यात यशस्वी झाली. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जारोपण केले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातही या विषयावर दीर्घकाळ संशोधन चालत आले आहे. तेव्हा आपला आक्षेप शास्त्राला नाही. शास्त्र जेथे पोहोचलेले नाही, तेथे ते पोहोचले आहे असे सांगून पैसे उकळण्याला आहे.

स्वरतंतूंच्या वणाबाबत मानवावर झालेले काम अजून मोजके आहे. स्वीडनमधील स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत डॉ. स्टेलान हेर्टेगोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ रुग्णांवर चाचणी केली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी घेऊन त्या प्रयोगशाळेत वाढविल्या, शस्त्रक्रियेने वण काढला आणि त्या जागी पेशी टोचल्या. वर्षभराच्या निरीक्षणानंतर २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर अपाय आढळला नाही आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत कंपन सुधारले, सर्वांत मात्र नाही. फ्रान्समधील मार्सेय येथे ८ रुग्णांवर त्यांच्याच चरबीतून वेगळ्या केलेल्या पेशी वापरून अशीच आरंभीची चाचणी झाली. दोन्ही मिळून रुग्ण होतात २४.

या चाचण्या प्रामाणिक आहेत आणि आशादायकही आहेत. पण त्या वाचताना एक प्रश्न वैद्याच्या मनात यावयास हवा. स्वीडनच्या रुग्णांत वणही काढला गेला आणि पेशीही टोचल्या गेल्या. मग जी सुधारणा झाली ती कशाने? तुलनेसाठी, केवळ वण काढला पण पेशी दिल्या नाहीत, असा दुसरा गट तेथे नव्हता. त्यामुळे श्रेय पेशींचे किती, शस्त्रक्रियेचे किती आणि नंतरच्या स्वरविश्रांतीचे किती, हे त्या चाचणीतून ठरत नाही. उपाय निर्धोक दिसतो का, हे पाहणे हाच अशा आरंभीच्या चाचणीचा मुख्य उद्देश असतो. गुण निश्चित येतो का, हे ठरविण्यास मोठ्या व तुलनात्मक चाचण्या लागतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. नेथन वेलहॅम यांच्या गटाने २०१५ मध्ये मानवी स्वरतंतूतील पेशींपासून प्रयोगशाळेत नवे आवरण वाढविले आणि शरीराबाहेर ठेवलेल्या श्वानाच्या स्वरयंत्रात ते बसवून त्यातून ध्वनी उमटविला. त्या पेशी मूलपेशी नव्हत्या. पण एवढे मोठे काम करूनही ते प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आज प्रत्यक्ष व्यवहारात वणासाठी स्वरोपचार, स्टिरॉइड वा हायल्युरोनिक आम्लाचे इंजेक्शन, चरबीचे रोपण, लेझर असे उपाय केले जातात. एका विकारावर इतके उपाय असतात, तेव्हा त्यांपैकी एकही पुरेसा नाही असा त्याचा अर्थ होतो. चिकित्सकाच्या हाती उपाय कमी असतात, तेथेच जाहिरातदाराला वाव मिळतो.

त्याच नगरातील दुसरी कथा

ज्या कारोलिन्स्का संस्थेत वरील चाचणी झाली, तिच्याच इतिहासात एक काळे पान आहे. पाओलो माकियारिनी या शल्यचिकित्सकाने २०११ पासून तेथे प्लास्टिकच्या कृत्रिम श्वासनलिकेवर रुग्णाच्या मूलपेशी पेरून तिचे रोपण केले. जगभर त्याचा जयजयकार झाला. स्टॉकहोममध्ये अशी नळी बसविलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. प्राण्यांवरील पुरेसा पूर्वाभ्यास नसताना माणसांवर हा प्रयोग झाला होता. २०१६ मध्ये संस्थेने त्याला काढून टाकले, आणि २०२३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

नोबेल पारितोषिकाशी नाव जोडलेल्या संस्थेत, सर्व समित्या आणि साधने असताना, हे घडू शकले. मग एखाद्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर, समिती नाही आणि नोंद नाही अशा ठिकाणी काय घडू शकेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. आणि त्याच संस्थेत पुढे सोळा रुग्णांची चाचणी मात्र सावकाश, परवानगी घेऊन, अपयशाच्याही नोंदी ठेवून झाली, हेही विसरू नये. पेशी दोन्हीकडे होत्या. फरक पद्धतीत होता.

आपल्या देशातील नियम

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्या शीर्षकात ‘संशोधन व चिकित्सा’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ मध्ये ती सुधारताना ‘चिकित्सा’ हा शब्द जाणीवपूर्वक गाळण्यात आला. २०१७ च्या आवृत्तीतही तीच भूमिका आहे. मान्य रक्तविकारादींसाठी रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे रोपण सोडले, तर मूलपेशींचा रुग्णावरील वापर हा संशोधन मानावा आणि तो परवानगीप्राप्त चाचणीतच व्हावा. एखाद्या उत्पादनाला रीतसर चाचण्यांनंतर औषध म्हणून मान्यता मिळू शकते. बंगळूरच्या एका कंपनीच्या उत्पादनास पायांच्या रक्तवाहिन्यांच्या बर्जर विकारासाठी २०१६ मध्ये अशी मर्यादित मान्यता मिळालीही. स्वरतंतूंच्या वणासाठी मात्र असे कोणतेही मान्य उत्पादन नाही.

पेशींवर आधारलेली नवी चिकित्सा सरळ मार्गाने कशी येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल केंद्र यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी रोगप्रतिकारक पेशींची चिकित्सा विकसित केली. त्या मूलपेशी नव्हेत, पण मार्ग तोच. प्रयोगशाळा, रुग्णांवरील चाचण्या, औषध नियंत्रकांची छाननी आणि मग २०२३ मध्ये मान्यता. कोणत्याही टप्प्याला बगल दिली गेली नाही.

रुग्णाला सांगावयाची खूण अगदी सोपी आहे. चाचणी खरी असेल तर तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’ या शासकीय नोंदवहीत असते आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. लेखी संमतिपत्र असते आणि ते मराठीत मागण्याचा रुग्णाला अधिकार असतो. ज्या केंद्राचा पहिला कागद दरपत्रक असतो, ते केंद्र चाचणी करीत नाही.

आपल्या दाराशी काय चालले आहे?

मुरबाडच्या धसई भागातील एक शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. करोनात अनेक दिवस नळी होती. घरी आल्यावर आवाज परतला नाही. शहरातील एका केंद्राने शिरेतून मूलपेशींची तीन इंजेक्शने सांगून साडेतीन लाखांचा आकडा दिला होता. यजमान काही गुंठे विकण्याच्या विचारात होते. स्वरयंत्र मात्र एकदाही कोणी पाहिलेले नव्हते. आम्ही त्यांना प्रथम मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात पाठविले. तपासणीत एका बाजूस लहानसा वण निघाला, आणि त्याची भरपाई करण्यासाठी गळ्याचे स्नायू आवळून बोलण्याची सवय लागली होती, असेही दिसून आले. काही महिने स्वरोपचार झाले, आम्ही स्नेहन-कवलादी उपक्रम व पथ्य सांभाळले आणि वर्गात कमरेला लावावयाचा लहान ध्वनिवर्धक त्या वापरू लागल्या. वण आहे तेथेच आहे. प्रार्थनेला पूर्वीसारखा वरचा सूर लागत नाही. पण त्या पूर्णवेळ शिकवितात आणि जमीन सातबारावर आहे.

हा अनुभव अपवादाचा नाही. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातील जमिनी गेल्या आणि त्यांचा मोबदला गावोगाव आला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाही खुला झाला. हाती एकरकमी पैसा आलेल्या आणि दुखणे जुने असलेल्या कुटुंबाचा वास अशा केंद्रांच्या प्रतिनिधींना लवकर लागतो. रुग्ण ‘पाठविल्याबद्दल’ वैद्यास काही टक्के देऊ करण्याचे प्रस्तावही येतात. आमच्यापुढेही असा प्रस्ताव ठेवण्यात आला होता. त्यास आम्ही नकार दिला. तो दुसऱ्या कोणी स्वीकारला असेल, तर त्याने एवढाच विचार करावा की रुग्ण त्या केंद्राला ओळखत नव्हता; तो आपल्या ओळखीवर तेथे गेला.

औषधालयचालकांना विनंती

दुसरा प्रकार पुड्यांचा. सफरचंद वा द्राक्षाच्या ‘मूलपेशीं’ची भुकटी साखळी-विक्रीतून आता आसनगाव, किन्हवली, सरळगाव, टोकावडे अशा गावांपर्यंत पोहोचली आहे. सांधेदुखीपासून आवाज बसण्यापर्यंत सर्व विकारांवर ती तोंडी भलामण करून खपविली जाते. वनस्पतीची पेशी मानवी पेशी होऊ शकत नाही आणि पोटात गेलेली पेशी पचते, ही दोन वाक्ये ग्राहकास सांगावयास विशेष विद्वत्ता लागत नाही. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. औषधाविषयी खोटा समज पसरविणाऱ्या जाहिरातीस १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी साखळी योजनांना मज्जाव केला आहे.

पण कायद्यापेक्षा आम्हाला दुसरी गोष्ट अधिक बोचते. याच शहापुरातील कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल गोळा करून, वाळवून, नामांकित औषधी कंपन्यांना पुरविण्याचा व्यवसाय उभा केला. ३५० टन गुळवेलीची, दीड कोटीहून अधिक रुपयांची मागणी त्यांना मिळाल्याची माहिती केंद्र सरकारने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. ज्या तालुक्याच्या जंगलातून देशभरच्या आयुर्वेदीय औषधांचा कच्चा माल जातो, त्याच तालुक्यातील आयुर्वेदीय औषधालयाच्या फळीवर परदेशी सफरचंदाच्या नावाची पुडी मानाच्या जागी असावी, हे शोभत नाही. नफा तेथे अधिक आहे, हे आम्ही जाणतो. औषधालय चालविणे हा धंदा आहे आणि भाडे, वीज, नोकर यांचा खर्च कोणाला चुकलेला नाही. तथापि ग्राहक आपल्या दुकानात येतो तो पाटीवरील ‘आयुर्वेदीय’ या शब्दाकडे पाहून. त्या शब्दाचे भांडवल आपण एकट्याने उभे केलेले नाही. ते सर्वांचे आहे.

काही आक्षेप

आमच्या काही व्यवसायबंधूंनी चर्चेत तीन आक्षेप घेतले. पहिला असा की, आपण नाही म्हटले तरी रुग्ण जाणारच. जाईल, पण निदान स्वरयंत्राची तपासणी करून आणि नोंदवही पाहून जाईल. दुसरा असा की, पुडीने अपाय तर होत नाही. अपाय होतो तो वेळेचा. मशेरी लावणाऱ्या वा तंबाखू खाणाऱ्या रुग्णाच्या घोगऱ्या आवाजामागे कर्करोग असेल, तर पुड्यांचे तीन महिने म्हणजे आरंभीची अवस्था हातची जाणे. क्षयरोग असेल, तर तेवढ्या काळात घरातील मुलांनाही लागण होऊ शकते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आधुनिक शास्त्रच ज्यावर हात टेकते, तेथे रुग्णाची आशा आपण का हिरावून घ्यावी? याचे उत्तर आम्ही असे देऊ की आशा आणि आश्वासन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वण पुसला जाणार नाही, पण बोलणे सुधारता येईल, असे सांगणे ही आशा आहे. ती खरी असल्यामुळे रुग्ण तिच्या आधाराने पुढची वर्षे काढू शकतो. आश्वासन खोटे निघाले, की रुग्णाचा पैसा तर जातोच, पण पुढे खरा उपाय सांगणाऱ्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

मग आपण काय करावे?

आमच्या मते पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. तीन ते चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल, तर औषध देतानाच स्वरयंत्र तपासणीची चिठ्ठीही द्यावी. गिळण्यास त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ, वजन घटणे वा श्वास घेताना आवाज येणे यांपैकी काही असेल, तर एक दिवसही थांबू नये. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथून पुढे ठाणे-मुंबईच्या विभागांकडे पाठविता येते. स्वरोपचारासाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. आसनगावहून लोकलने अथवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठून तेथे जाणे रुग्णास जड जाते, हे खरे. म्हणून चिठ्ठीबरोबर वाट, गाडी आणि लागणारी कागदपत्रेही आपणच समजावून सांगावीत.

प्रतिबंध हे तर आपले खास क्षेत्र. एका खोलीत दोन-दोन वर्ग सांभाळणारे शिक्षक, सप्ताहात रात्र-रात्र गाणारे भजनी, वीटभट्टीच्या धुरात व भातगिरणीच्या कोंड्यात काम करणारे मजूर, यांना स्वर जपण्याची दिनचर्या आपण सांगितली पाहिजे. पाणी पुरेसे पिणे, घसा खाकरण्याची सवय मोडणे, सर्दी-पडशात ओरडणे टाळणे, मशेरी सोडणे, उशिरा व तिखट जेवण वर्ज्य करणे, एवढ्याने अनेक स्वरयंत्रे शस्त्रक्रियेपासून, आणि पर्यायाने वणापासून, दूर राहतील.

संघटनेच्या पातळीवर आम्ही तीन सूचना करू इच्छितो. मूलपेशी केंद्रांकडून कोणत्याही स्वरूपाचा मोबदला न घेण्याचा ठराव आगामी सर्वसाधारण सभेत व्हावा. सभासद औषधालयांनी ‘मूलपेशी’ नावाच्या पुड्या फळीवरून उतरवाव्यात. आणि दोन्ही तालुक्यांतील सभासदांनी स्वरभेदाच्या रुग्णांची एक साधी सामायिक नोंदवही वर्षभर ठेवावी. तीत वय, व्यवसाय, किती दिवसांचा विकार, स्वरयंत्रदर्शनातील निदान, दिलेली चिकित्सा आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती एवढेच रकाने असावेत. गुण आला नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. स्वीडनची चाचणी सोळा रुग्णांची होती. आपल्या दोन तालुक्यांत वर्षाकाठी त्याहून पुष्कळ अधिक रुग्ण आपल्यासमोर येऊन जातात आणि त्यांची नोंद कोठेही राहत नाही.

उद्या मोठ्या चाचण्यांतून मूलपेशींची ही चिकित्सा सिद्ध झाली, तर तिचे स्वागत करण्यात आम्ही मागे राहणार नाही आणि आमच्या रुग्णांना तिकडे पाठविण्यात कमीपणाही मानणार नाही. तोपर्यंत रुग्णाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘अजून नाही’ हेच आहे, आणि ते वैद्याने व औषधालयचालकाने एकाच शब्दांत द्यावे, ही नम्र विनंती. या सूचनांवर, विशेषतः नोंदवहीच्या रकान्यांविषयी, सभासदांनी आपली मते संपादक मंडळाकडे पुढील अंकापूर्वी अवश्य कळवावीत.